कोंबडीच्या ताटात काय वाढलंय?

रविवार, सकाळचे अकरा. औरंगपुऱ्यातल्या माझ्या रूमपासून चिकनचं दुकान चालत सात मिनिटांवर. पण संडेची लाइन बघितली की वाटतं, वाळूज आणि चिकलठाण्याच्या सगळ्या शिफ्ट आज इथंच सुटल्यात! कुणी ट्रॅक पँटमध्ये, कुणी कानात इअरफोन घालून, कुणी फोनवर ‘करी कट की बिर्याणी कट?’ विचारत उभं. आणि दुकानाच्या पाटीवर खडूनं लिहिलेला आजचा रेट.

माझ्या पुढच्या टी-शर्टवाल्यानं पाटी वाचली आणि भडकला. ‘अरे, गेल्या संडेला वीस रुपये कमी होता ना? सात दिवसांत कोंबडीला काय सोन्याचे पंख फुटले का?’

सुरी चालवता चालवताच दुकानदार चाचा म्हणाले, ‘भाईसाब, कोंबडी तीच आहे. तिचं खाणं महागलंय.’

लाइन हसली. मी नाही हसले. कारण कोंबडीचं खाणं हा आमच्या घरात जोकचा विषय नाही. त्या विषयावर आमच्या आजोळी दोन वर्षं बाप-लेक एकमेकांशी धड बोलत नव्हते! ती स्टोरी सांगतेच. पण त्याआधी थोडा फंडा क्लिअर करू या.

इंजेक्शन नाही, ताट!

आपल्यापैकी निम्म्या लोकांना ठाम वाटतं, की ब्रॉयलर कोंबडी इंजेक्शननं फुगवतात. खरं उत्तर त्याहून साधं आणि जास्त इंटरेस्टिंग आहे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंची होते ती दोन गोष्टींमुळे. एक, तिचा वंश. पिढ्यानपिढ्या भराभर वाढणारेच पक्षी निवडत ही जात तयार झाली आहे. आणि दोन, तिचं ताट.

त्या ताटात असतं काय? बॉस, आपण ‘चिकन खातो’ म्हणतो, पण खरं तर आपण मका आणि सोयाबीनच खात असतो. साधारण साठ टक्के मका, तीस टक्क्यांच्या आसपास सोयाबीनची पेंड. उरलेल्या दहा टक्क्यांत तेल, खनिजं, जीवनसत्त्वं वगैरे मसाला. दोन किलोंची कोंबडी तयार व्हायला सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य लागतं. म्हणजे आपल्या पिशवीतल्या एका कोंबडीमागे दोन किलो मका आणि एक किलो सोयापेंड, असा सरळ हिशेब धरा. पोल्ट्रीवाल्याच्या एकूण खर्चात पासष्ट-सत्तर टक्के खर्च या खाद्याचाच. पिल्लू, औषध, लाइट बिल, मजूर हे सगळं उरलेल्या तिसाभर टक्क्यांत!

आता कल्पना करा, तुमच्या पगारातले सत्तर टक्के फक्त दोन दुकानांत जातात. आणि त्या दोन्ही दुकानांचे भाव कधी दुप्पट होतील, कधी निम्मे, काही नेम नाही. आमच्या दादाचं आयुष्य अगदी असंच चाललंय.

एका घरात दोन पार्ट्या

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. आजोळ जालना जिल्ह्यात, परतूरकडे. लहानपणी सुट्टीत ट्रेननं जायचो, तेव्हा मामांच्या शेतात ज्वारी, बाजरी, कापूस, बांधाला करडई असं बरंच काही असायचं. करडईच्या काट्यांनी पाय सोलवटून निघायचे, ते अजून आठवतं. मग मराठवाडाभर झालं तेच आमच्याकडेही झालं. सोयाबीन आलं. शंभर-एक दिवसांत हातात पैसे देणारं पीक. करडई गेली, ज्वारी आक्रसली. मामांच्या बारा एकरांतलं आठ एकर सोयाबीन झालं.

दादानं डिग्री घेतली, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, कंटाळला आणि गावी येऊन दोन हजार पक्ष्यांचं शेड टाकलं. करार पद्धतीत कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं सगळं देते आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. दादाला ते नको होतं. ‘माझं शेड, माझी पिल्लं, माझं खाद्य,’ हा त्याचा बाणा. मका आणायचा सिल्लोड-कन्नडकडून, सोयापेंड मोंढ्यातून. खाद्य घरच्या ग्राइंडरवर.

आणि मग आलं २०२१. त्या उन्हाळ्यापासून सोयाबीन जे चढत गेलं, ते जुलै-ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांच्या घरात! मामा खूश. आयुष्यात पहिल्यांदा एवढा भाव बघितला होता. अडचण एकच, मामांकडे तोवर विकायला चारच पोती उरली होती. पण पुढच्या पिकाची स्वप्नं तर पडायला लागली! आणि त्याच अंगणात, शंभर पावलांवर, दादा डोक्याला हात लावून बसलेला. कारण सोयाबीन वर म्हणजे पेंडही वर.

पोल्ट्रीवाल्यांनी देशभर ओरड केली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारनं बारा लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. सप्टेंबरअखेर नवा माल बाजारात यायला लागला आणि भाव जवळजवळ निम्म्यावर आला. आता मामा भडकले. ‘तुमच्या कोंबड्यांसाठी आमचा गळा कापला,’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या मुलाला ऐकवलं. जेवताना. मामी ताट तसंच ठेवून उठून गेल्या.

म्हणजे बघा, सोयाबीन वर गेलं की मुलगा रडतो, खाली आलं की बाप. टीव्हीवर आपण ‘शेतकऱ्याला भाव’ आणि ‘ग्राहकाला महागाई’ अशी भांडणं बघतो. आमच्याकडे ती दोन्ही माणसं एकाच चुलीवर जेवतात.

म्हशीला चालतं, मग...

त्याच उन्हाळ्यात, पेंड परवडेना म्हणून दादानं एक डोकं लढवलं. घरात दोन म्हशी. त्यांना सरकी पेंड चालते, दूधही मस्त येतं. मग कोंबडीला का नको? सोयापेंडीतला तिसरा हिस्सा काढला आणि त्या जागी सरकी पेंड घातली. दोन हजार पक्ष्यांमागे साडेसहाशे किलोंच्या आसपास. खाद्याच्या बिलात तीसेक हजार वाचले. दादा खूश!

तिसऱ्या आठवड्यापासून खूश राहण्यासारखं काही उरलं नाही. पक्षी खायचे, पण वजन धरत नव्हते. बेचाळिसाव्या दिवशी काटा लावला तर पक्ष्यामागे सरासरी तीनशे ग्रॅम कमी! तीनशे ग्रॅम गुणिले दोन हजार, सहाशे किलो. शेडवरचा दर किलोला नव्वद धरा, चोपन्न हजार गेले. वाचवले तीस, गमावले चोपन्न. एमबीए न करताही कळतं, हा बिझनेस नाही.

चूक कुठं झाली? परभणीत शिकलेले एक पशुवैद्यक डॉक्टर त्याच्याकडे येतात, त्यांनी नंतर नीट समजावलं. मी तेव्हा तिथंच होते, म्हणून मलाही फुकटात लेक्चर मिळालं.

म्हशीच्या पोटात एक मोठी टाकी असते आणि त्या टाकीत अब्जावधी जिवाणू. चोथा असो, कडबा असो, ते आंबवून म्हशीच्या कामाचं करून देतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं एक विषारी द्रव्य असतं, त्याचाही बराचसा बंदोबस्त तिथंच होतो. कोंबडीकडे ही टाकीच नाही. तिचं पोट साधं, मुक्काम छोटा, खाल्लेलं काही तासांत बाहेर. चोथा तसाच निघून जातो. शिवाय गुरांसाठी मिळणारी सरकी पेंड बहुतेक वेळा टरफलासकट असते, तिच्यात प्रथिनं सोयापेंडीच्या निम्मीच.

आणि गॉसिपॉल? ते लायसीनला धरून ठेवतं. लायसीन म्हणजे प्रथिनाची एक वीट, अमिनो आम्ल. ही वीट कमी पडली की बाकीच्या विटा कितीही असोत, भिंत वर जात नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांना सरकी जास्त झाली तर साठवलेल्या अंड्याचा बलकसुद्धा हिरवट पडतो. इमॅजिन, हिरवं ऑम्लेट!

‘मग सरकी कोंबडीला कधीच नाही?’ मी विचारलं.

‘चालते की,’ डॉक्टर म्हणाले. ‘टरफल काढलेली, थोड्या प्रमाणात, लोहाचा क्षार मिसळून, म्हणजे गॉसिपॉल त्यात अडकतं. वरून लायसीन घालायचं. पण हे सगळं मोजून. अंदाजपंचे नाही.’

वरण-भाताचं गणित

हे ‘मोजून’ प्रकरण समजायला आपलंच ताट बघा. भाताला वरण का लागतं? भातात जी वीट कमी असते ती डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जी कमी ती भातात बऱ्यापैकी. कोंबडीच्या ताटात मका म्हणजे भात आणि सोयापेंड म्हणजे वरण. मक्यात लायसीन कमी, सोयात भरपूर. सोयात मेथिओनिन नावाची वीट थोडी कमी, ती कंपन्या वरून घालतात. जोडी एवढी जमलेली आहे, की जगभर ब्रॉयलर म्हटलं की बहुतेक ठिकाणी हीच थाळी.

आता या थाळीला पर्याय म्हणून आपल्या मराठवाड्यात काय काय आहे ते बघू. यादी भारी आहे, पण प्रत्येकाबरोबर एक ‘पण’ आहे.

बाजरी. मक्याच्या जागी सगळ्यात जवळचा कँडिडेट. मक्यापेक्षा प्रथिनं जास्त. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात अशा स्थानिक धान्यांवर बरीच वर्षं काम झालंय. पण बाजरीत मक्याचा पिवळा रंग नाही, त्यामुळे कोंबडीची कातडी आणि चरबी पांढरट दिसते. गंमत म्हणजे आपल्याकडे बहुतेक लोक कातडी काढूनच चिकन घेतात. मग पिवळेपणासाठी एवढा हट्ट कशाला?

ज्वारी. पांढरी ज्वारी उत्तम. लालसर दाण्यांच्या जातींत टॅनिन असतं, ते प्रथिनं पचू देत नाही. पण मालदांडीची भाकरी सोडून ती कोंबडीला कोण घालणार? खाद्यात जाते ती पावसात भिजून काळी पडलेली खरीप ज्वारी, आणि तिथं बुरशीचा धोका.

शेंगदाणा पेंड. प्रथिनं झकास. पण बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतला तर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत दोष निघाला. जगाला अफ्लाटॉक्सिन कळलं ते त्या टर्कींमुळे.

सूर्यफूल आणि करडईची पेंड. सूर्यफुलात मेथिओनिन चांगलं, लायसीन कमी, चोथा जास्त. करडईत तर चोथा आणखी. थोड्या प्रमाणात दोन्ही चालतात. पण मोठा ‘पण’ वेगळाच आहे. ही पिकं राहिलीत किती? ज्या करडईच्या काट्यांनी माझे पाय सोलले, ती आता मामांच्या बांधावर शोधूनही सापडत नाही.

तुरीची चुनी. जालन्याकडे डाळ मिल आहेत, त्यामुळे मिळते. पण टरफल जास्त, म्हणून हात आखडता.

आणि या यादीतला लेटेस्ट मेंबर म्हणजे डीडीजीएस.

पेट्रोल पंपाहून आलेली पेंड

नाव घाबरवणारं आहे, वस्तू साधी. मका किंवा तांदूळ आंबवून इथेनॉल काढलं, की धान्यातली साखर-पिठूळ भाग अल्कोहोल होऊन निघून जातो. मागं उरतात प्रथिनं, तेल, चोथा. ते वाळवलं की डीडीजीएस. मक्याच्या डीडीजीएसमध्ये तिसेक टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, तांदळाच्यात त्याहून बरीच जास्त. आणि किंमत सोयापेंडीपेक्षा कमी.

२०२५ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. त्यासाठी धान्यावरच्या डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, मक्याला मागणी वाढली. एवढी, की एरवी मका निर्यात करणाऱ्या भारतानं २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर आयात केला. म्हणजे तुमच्या बाइकच्या टाकीनं आधी कोंबडीच्या ताटातला मका पळवला, आणि मग उरलेला चोथा तिच्याच ताटात परत वाढला!

इथंही ‘पण’ आहेच. पिठूळ भाग निघून गेला की मागचं सगळं दाट होतं. प्रथिनं दाट होतात तशी बुरशीचं विषही. मूळ मक्यात जेवढं असेल त्याच्या साधारण तिप्पट. वर लायसीन कमी. म्हणून टेस्ट केल्याशिवाय पोतं उघडायचं नाही, हा नियम.

पण आमच्या घरात डीडीजीएसनं वेगळाच बॉम्ब टाकला. स्वस्त डीडीजीएस आलं तशी सोयापेंडीची मागणी घटली, आणि पेंडीला भाव नाही म्हणजे सोयाबीनला नाही. कारण सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्केच, बाकी बहुतेक सगळी पेंड. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि बाजारात भाव त्याच्या खाली. विधानसभेच्या प्रचारातही तो मुद्दा झाला.

आणि नेमकं तेव्हा दादानं पहिल्यांदा डीडीजीएसची पोती आणली. मामांनी ती अंगणात बघितली. काही बोलले नाहीत. फक्त पोत्याला हात लावून बघितला आणि आत निघून गेले. दादा मला नंतर फोनवर म्हणाला, ‘ते ओरडले असते तर बरं झालं असतं गं.’

मग करायचं काय?

तुम्ही म्हणाल, मॅडम, संडेला एवढं हेवी नको. ओके. पण मला या सगळ्यातून कळलेली गोष्ट एकच आहे आणि ती सांगितल्याशिवाय कॉलम संपवणार नाही.

पर्यायी खाद्य म्हणजे ‘स्वस्तातलं काहीतरी’ नव्हे. स्वस्त म्हणून घातलेली सरकी दादाला महाग पडली. कोंबडी फार प्रामाणिक हिशेबनीस आहे. ताटात काटकसर केली की सहा आठवड्यांत काट्यावर दाखवते. पर्यायाचा खरा अर्थ आहे, सगळं घर दोन पिकांच्या खुंटीला टांगून न ठेवणं. २०१९ मध्ये लष्करी अळीनं मका खाल्ला तेव्हा पोल्ट्रीवाले आडवे झाले. २०२१ मध्ये सोयानं आडवं केलं. पुढच्या वेळी काय असेल, कुणी सांगावं. ताटात चार-पाच पदार्थ असतील तर एक महागला तरी जेवण थांबत नाही.

आणि शेतातही चार-पाच पिकं असतील तर?

गेल्या दिवाळीला आजोळी गेले होते. शेडमध्ये दादाच्या खाद्याचा नवा फॉर्म्युला भिंतीवर चिकटवलेला. डॉक्टरांनी बसून काढून दिलेला. मक्यातला चौथा हिस्सा काढून बाजरी. सोयापेंड आहेच, पण थोडी कमी, तिच्या जोडीला टेस्ट केलेलं डीडीजीएस, शेकडा पाच किलो. लायसीन, मेथिओनिन वजन करून. शिवाय फायटेज नावाचं एन्झाइम, कारण दाण्यांमधला बराचसा फॉस्फरस कुलपात असतो आणि कोंबडीकडे ती चावी नसते. गेल्या तीन बॅचमध्ये वजन पूर्वीइतकंच बसलंय. खर्च फार वाचतो असं नाही. किलोमागे थोडाच. पण दादा म्हणाला, ‘आता भाव बघायला सकाळी मोबाइल उघडताना पोटात गोळा येत नाही.’ शिवाय त्यानं दुसरं शेड टाकलंय, ते मात्र कंपनीच्या करारावर. बाणा थोडा वाकलाय. ‘एक शेड मनासाठी, एक हप्त्यासाठी,’ असं तोच म्हणतो. त्या शेडमध्ये खाद्याची पोती शिवून येतात, आत काय आहे ते कंपनीला माहीत.

मी विचारलं, ‘बाजरी कुठून आणतोस?’

त्यानं हनुवटीनं शेताकडे खूण केली. आठ एकर सोयाबीनमधलं दोन एकर मामांनी खरिपात बाजरीला दिलं होतं. कापणी होऊन फक्त धसकटं उरली होती. ‘पप्पांनी स्वतःहून पेरली. मला विचारलंही नाही. फक्त पोती शेडसमोर आणून टाकली आणि म्हणाले, मोंढ्यातला भाव लावायचा, उधारी चालणार नाही.’

दोघंही त्या दिवशी एकत्र जेवले. मामी चिकन वाढत होत्या, बाजरीच्या भाकरीबरोबर. मामांनी एक तुकडा उचलून नीट बघितला आणि म्हणाले, ‘पांढरं दिसतंय.’

दादा म्हणाला, ‘तुमचीच बाजरी आहे.’

मामा काही बोलले नाहीत. अजून एक तुकडा वाढून घेतला.

तर मंडळी, पुढच्या संडेला लाइनमध्ये उभे राहाल आणि पाटीवरचा रेट वाढलेला दिसेल, तेव्हा चाचांवर भडकण्याआधी एक सेकंद थांबा. त्या वाढलेल्या वीस रुपयांत कुणाचा तरी मका आहे, कुणाचं सोयाबीन आहे, कदाचित तुमच्या बाइकमधलं पेट्रोलही आहे. आणि रेट उतरलेला दिसला तर? तेव्हाही एक सेकंद थांबा. कुणाच्या तरी अंगणात तेव्हा कुणीतरी गप्प बसलेलं असतं.

मग खुशाल सांगा, करी कट की बिर्याणी कट!